तिसरी पाळी

पहाटे चार-साडेचारच्या सुमाराला माणूस दिवसातला सगळ्यात गार असतो. अंगाला हात लावून कळणार नाही, पण थर्मामीटर लावला तर संध्याकाळच्या मानाने पारा अंशभर उतरलेला दिसतो. रखवालदाराची मान छातीवर पडते ती याच वेळी. एसटीच्या रातराणीच्या चालकाच्या डोळ्यांवर झापड येते, आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईला पेंग येते आणि अंथरुणात असलेल्याला अशी साखरझोप लागते की हाक मारणारा वैरी वाटावा. बाहेर अजून मिट्ट काळोख असतो. दूधवाल्याला यायला अवकाश असतो. मला ही वेळ फार आवडते, जागी असले तरी आणि झोपलेली असले तरी. झोपलेली असताना ती आवडते हे अर्थात उठल्यावर कळतं.

या वेळी शरीर काहीच करत नाही, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात देह ही तीन पाळ्यांत चालणारी गिरणी आहे, आणि तिची तिसरी पाळी भलतीच भरात असते. झोप लागल्यावर पहिल्या तास-दीड तासात, गाढ झोपेत, मेंदूच्या बुडाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी वाढीचं संप्रेरक रक्तात सोडते. लेकरं झोपेत वाढतात असं जुनी माणसं म्हणत, त्यात पुष्कळ तथ्य होतं. उत्तररात्री कॉर्टिसॉल चढू लागतं, आणि आपण डोळे उघडेपर्यंत अंगात उठण्याइतका जोर आलेला असतो. गजर वाजायच्या दोन मिनिटं आधी जाग येते तेव्हा आपण स्वतःला शाबासकी देतो, पण ती तयारी केव्हाच सुरू झालेली असते.

एवढ्या सगळ्यांच्या वेळा सांभाळणारा कुणीतरी जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, हवाच. तो कुठे बसतो हे 1972 साली अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून शोधून काढलं. डोळ्यांकडून आलेल्या दोन नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या बरोबर वर पेशींचे दोन चिमुकले पुंजके आहेत. माणसात दोन्ही मिळून सुमारे 20,000 पेशी. नाव मात्र तोंडात न मावणारं, सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. ते पुंजके काढून टाकले की उंदराला दिवस-रात्रीचा धरबंध राहत नाही. तो झोपतो, पण कधीही. 1990 मध्ये याहून नवलाचं काम झालं. हॅमस्टरांच्या एका वाणाचा अंगचा दिवस जन्मजातच 20 तासांचा होता. त्यांच्या मेंदूतले हे पुंजके नेहमीच्या, पण स्वतःचे पुंजके काढून टाकलेल्या हॅमस्टरांच्या मेंदूत बसवले, तर तेही 20 तासांचा दिवस जगू लागले. दिवस उसना देता येतो! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते.

जॉबर हा शब्द मी लालबागला शिकले. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, एका गिरणीत साचाखात्यात होते आणि शाळेसाठी मी काही वर्षं त्यांच्याकडे राहिले. तिसऱ्या पाळीच्या दिवसांत घराचा सगळा रंगच बदलायचा. रात्री डबा घेऊन तात्या निघायचे, तेव्हा आम्ही मुलं अंथरुणावर लोळत असायचो. सकाळी ते परत यायचे ते केसांत, भुवयांत कापसाचा पांढरा भुगा घेऊन. चहा, आंघोळ, एखादी भाकरी, की झोप. काकू खिडकीवर गोधडी टांगायची. पण दारावरच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी आत यायचीच, आणि ती सरकत सरकत बरोबर तात्यांच्या तोंडावर यायची. मग ते उशी उचलून दुसऱ्या भिंतीकडे डोकं करायचे. रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारायचा आवाज नको म्हणून काकू स्टोव्ह गॅलरीत नेऊन पेटवायची. आम्हाला खुणांनी बोलायची इतकी सवय झाली होती की तात्या पहिल्या पाळीला असतानाही आम्ही कुजबुजत असू. तरी अकराच्या आत ते उठून बसायचे. डोळे लाल. चाळीतल्या बायका म्हणायच्या, "एवढं शांत ठेवतेस घर, तरी ह्यांना झोप नाही?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला फार उशिरा मिळालं. आवाज नव्हे, ऊन नडत होतं. आणि झरोक्यातलं नव्हे, त्याआधीचं. गिरणीच्या दरवाजापासून चाळीपर्यंत तात्या सकाळच्या लख्ख उन्हातून चालत यायचे.

माणसाच्या डोळ्यात बघण्याच्या पेशी असतात हे शाळेत शिकलेलं असतं. पण दृष्टिपटलात आणखी एक पेशींचा वर्ग आहे, ज्याला चित्र फारसं कळत नाही, फक्त उजेड कळतो. 2002 मध्ये डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशी स्वतःच प्रकाशाला जाग्या होतात हे दाखवून दिलं. त्यांतलं मेलॅनॉप्सिन हे द्रव्य निळसर उजेडाला विशेष हळवं असतं, आणि सकाळच्या आभाळात तो भरपूर असतो. या पेशींची वर्दी थेट त्या पुंजक्यांकडे जाते. म्हणून काही दृष्टिहीन माणसांना दिसत काहीच नाही, तरी त्यांचं अंगचं घड्याळ सूर्याबरोबर चालतं. तात्यांच्या डोळ्यांनीही रोज सकाळी साडेसातला आत निरोप धाडला, की दिवस उगवला, कामाला लागा. त्यानंतर गोधडी टांगून काय उपयोग?

उजेडाचा निरोप येत नाही तेव्हा दुसरा निरोप सुटतो, मेलाटोनिनचा. मेंदूच्या मधोमध असलेली पिनिअल ग्रंथी अंधार पडला की ते सोडू लागते. देकार्तने या ग्रंथीला आत्म्याचं आसन ठरवलं होतं. पुढे 1958 साली येल विद्यापीठातल्या ॲरन लर्नर यांनी गाईबैलांच्या पिनिअल ग्रंथींतून हे संप्रेरक वेगळं काढलं. लर्नर त्वचारोगतज्ज्ञ होते. बेडकाची कातडी उजळ करणारं द्रव्य ते शोधत होते, त्यांना निद्रेशी काही देणंघेणं नव्हतं. आज औषधाच्या दुकानात मेलाटोनिन झोपेची गोळी म्हणून मागितलं जातं, ते काही खरं नव्हे. उंदीर, वटवाघूळ यांच्याही अंगात ते रात्रीच वाढतं, आणि रात्र ही तर त्यांच्या धावपळीची वेळ. ते झोपवत नाही, अंधार पडल्याची दवंडी पिटतं. ती ऐकून कोणी निजतं, कोणी शिकारीला निघतं.

उजेडही नाही, घड्याळही नाही, अशा जागी माणूस ठेवला तर? 1962 च्या उन्हाळ्यात मिशेल सिफ्र नावाचा 23 वर्षांचा फ्रेंच भूशास्त्रज्ञ आल्प्समधल्या एका बर्फाळ गुहेत उतरला आणि दोन महिने तिथे एकटा राहिला. उठला, जेवला, निजायला निघाला की तो फोनवरून वर कळवायचा. वरच्यांनी त्याला वेळ सांगायची नाही, असा करार होता. एकदा त्याला सेकंदाच्या गतीने 120 आकडे मोजायला सांगितले. त्याला पाच मिनिटं लागली. 14 सप्टेंबरला वरून सांगितलं, मुदत संपली, तर त्याच्या हिशेबाने 20 ऑगस्ट होता. जवळजवळ महिना गळाला होता. मन इतकं चुकलं, पण देह चुकला नव्हता. नोंदी जुळवल्या तेव्हा त्याचं उठणं-झोपणं साडेचोवीस तासांच्या आसपास फिरत राहिलेलं दिसलं. पुढे 1999 मध्ये हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांनी काटेकोर मोजणी करून माणसाचा आतला दिवस सरासरी 24 तास 11 मिनिटांचा ठरवला. ती वरची अकरा मिनिटं रोज सूर्य काढून घेतो. या आकड्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आपल्याकडे मदुराईत एम. के. चंद्रशेखरन यांनी अंगच्या घड्याळाच्या या शास्त्राचा पाया घातला. त्यांचा वटवाघळांवरचा प्रयोग माझा विशेष लाडका. गुहेच्या काळोखात, जिथे दिवसाचा मागमूसही पोचत नाही, तिथे पिंजऱ्यात एक वटवाघूळ ठेवलं. भोवती त्याच्या जातीची मोकळी वटवाघळं राहत होती, ती संध्याकाळी बाहेर पडत, पहाटे परतत. पिंजऱ्यातल्या त्या एकट्याने तीच वेळ धरली. सोबतीविना रिकाम्या गुहेत ठेवलेल्याची वेळ मात्र रोज थोडी थोडी घसरत गेली. म्हणजे उजेड नसेल तर सोबत्यांच्या पंखांचा फडफडाटही घड्याळ लावतो. माणसाच्या बाबतीत उजेडाचंच जास्त चालतं, हे मला ठाऊक आहे. तरीही सगळी चाळ जागी असताना एकट्याने निजायचं म्हणजे काय, हे त्या पिंजऱ्यातल्या जिवाने मला समजावलं.

रात्रपाळीतल्या चहाबद्दलही लिहायला हवं. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन साचत जातं, आणि ते जितकं साचेल तितकी झोप जड होते. चहा-कॉफीतलं कॅफीन त्याच्या जागेवर जाऊन बसतं, त्यामुळे मेंदूला थकव्याची खबर लागत नाही. थकवा जात नाही, नुसता दाराबाहेर थांबतो. निम्मं कॅफीन अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. पहाटे चारला प्यालेला कटिंग सकाळी नऊलाही निम्मा शिल्लक असतो. तात्या किती कटिंग पीत याचा हिशेब काकूलाही नव्हता.

हे सारं तात्यांपुरतंच असतं तर मी लिहिलं नसतं. गिरण्या गेल्या, रात्रपाळी वाढली. हिंजवडीतल्या काचेच्या इमारती अमेरिकेचा दिवस जगतात, रुग्णालयांत परिचारिका, टोलनाक्यांवर पोरं, गोदामांत पार्सलं उचलणारे हात. 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिवस-रात्रीचं चक्र बिघडवणारी पाळीची कामं 'बहुधा कर्ककारक' या वर्गात टाकली, आणि 2019 मध्ये रात्रपाळीबद्दल तोच निर्णय कायम ठेवला. आणि आपण अजून दुपारी बाराला निजलेल्या माणसाला आळशी म्हणतो.

1982 च्या जानेवारीत मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तात्यांना कित्येक वर्षांनी सलग रात्रीची झोप मिळायला हवी होती. मिळाली नाही. काळजीनेही कॉर्टिसॉल चढतं. ते रात्री बाराला उठून गॅलरीत उभे राहायचे, आणि समोर गिरणीचं धुराडं बंद असायचं. त्याच 1982 साली सायन्स या नियतकालिकात एक निबंध आला. लेखकांत तेच झाइस्लर होते. अमेरिकेतल्या युटा राज्यात खनिज क्षारांच्या एका कारखान्यात कामगारांची पाळी दर आठवड्याला उलट्या क्रमाने बदलत असे. संशोधकांनी ती सुलट केली, सकाळ, दुपार, रात्र, आणि बदल तीन आठवड्यांवर नेला. आतला दिवस अकरा मिनिटांनी लांब असल्यामुळे देहाला उशिरा निजणं जमतं, लवकर निजणं जमत नाही. एवढीच त्यामागची मेख. कामगारांची तब्येत सुधारली, नोकरी सोडून जाणं कमी झालं, उत्पादन वाढलं.

याला यंत्र लागत नाही, भांडवल लागत नाही. कारखाना असो, रुग्णालय असो की कॉल सेंटर, पाळ्यांचा तक्ता ज्यांच्या हातात आहे त्यांनी तो पुढे सरकवत न्यावा, मागे ओढू नये, आणि दर आठवड्याला तर मुळीच बदलू नये.