डोंगरमाथ्यावरचा कावळा

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंच. हवा विरळ, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. म्हणून पहिला दिवस आम्ही नुसती विश्रांती घेतली. दुसऱ्या दिवशी थिकसेचा बौद्ध मठ पाहिला. मैत्रेय बुद्धाच्या भव्य मूर्तीस वंदन करून गच्चीवर आलो, तर काळ्या पाखरांचा थवा वाऱ्यावर तरंगत होता.

"अगं बाई, इथेही कावळे!" आमच्यातल्या मावशी म्हणाल्या.

कुळ कावळ्याचेच, पण रूप वेगळे. आपल्या गावकावळ्याची मान राखाडी. हे पाखरू नखशिखांत चकचकीत काळे. पाय लाल, चोचही लाल, बारीक, खाली वाकलेली. त्या चोचीने ते माती उकरून किडे-मुंग्या वेचते. पुढे खार्दुंग ला खिंडीच्या वाटेवर त्याचा भाऊबंद भेटला. पाय तसेच लाल, चोच मात्र आखूड आणि पिवळी. हा अधिक उंचावर राहणारा. कड्यांच्या कपारीत, ६,५०० मीटरपर्यंत तो घरटे करतो. एव्हरेस्टवर गिर्यारोहकांच्या मागे ८,२०० मीटरपर्यंत गेल्याची त्याची नोंद आहे. त्याच्या अंड्याच्या कवचाला छिद्रे कमी, त्यामुळे कोरड्या हवेत आतला ओलावा टिकतो. हिवाळ्यात अन्न मिळेनासे झाले की तो खाली वस्तीकडे येतो.

वाटेत आम्ही डबे उघडले. पिवळ्या चोचीचे एक धीट पाखरू अगदी जवळ येऊन उभे राहिले. मावशींनी चपातीचा तुकडा टाकला. त्याने उचलला आणि उडाले.

मावशी जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमचे हे गेले, तेव्हा सासूबाई घास ठेवून बसल्या होत्या. घरात बाबासाहेबांचा फोटो, तरी बसल्या. कावळा शिवेना. पोराची काय इच्छा राहिली, म्हणून म्हातारी मरेपर्यंत झुरली. आणि हे बघा, भूक लागली म्हणून आलं, घास मिळाला, गेलं."

१९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध, पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. विहारात ती आम्ही कितीदा म्हटली असेल! एका आईचे किती दुःख त्या प्रतिज्ञेने वाचले असते, हे मात्र त्या घाटात कळले.

बंधू-भगिनींनो, मुलांना कावळा जरूर दाखवा. त्याची चोच, पाय, घरटे दाखवा. त्याची भीती मात्र घालू नका. जय भीम.