जादा कामांची यादी

घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. या दोन्ही कामांत खर्च किती येतो हे ज्याने ते केले त्यालाच कळते, एवढाच या म्हणीचा अर्थ. आज शहरात स्वतः उभे राहून घर बांधणारी माणसे थोडी. बहुतेक जण बांधलेले, किंवा बांधावयास घेतलेले, घर विकत घेतात. विटा, वाळू आणि गवंड्याची मजुरी यांची काळजी त्यामुळे मिटली असे वाटते खरे. परंतु अंदाज आणि खर्च यांचे जुने भांडण काही मिटलेले नाही. त्याने नवे रूप घेतले आहे, आणि ते रूप म्हणजे बिल्डरच्या कचेरीत हाती पडणारी जादा कामांची यादी. वाचकहो, तिच्याविषयीच आज आपल्याशी चार गोष्टी बोलावयाच्या आहेत.

आम्ही राहतो ते आवडी हे चेन्नईला लागून असलेले गाव. १९५५ च्या जानेवारीत काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव संमत झाला, म्हणून वयस्क वाचकांना हे नाव ठाऊक असेल. पुढे येथे रणगाड्यांचा कारखाना उभा राहिला आणि १९६५ साली येथे बांधलेला ‘विजयंता’ रणगाडा बाहेर पडला. कारखान्यामागून वसाहती आल्या आणि वसाहतींतून सर्व प्रांतांची माणसे. २०१९ साली आवडीला महानगरपालिका मिळाली. आता चहूकडे उंच इमारती उठत आहेत.

माझे यजमान येथे सरकारी नोकरीत आहेत. सरकारी निवासस्थान प्रशस्त आणि झाडांच्या सावलीतले होते. पण ते नोकरीपुरते. त्यातच सासूबाईंचे गुडघे धरल्यामुळे त्यांना साताऱ्यास एकट्या ठेवणे अवघड झाले. तेव्हा २०२४ साली आम्ही दोन खोल्या, दिवाणखाना आणि स्वयंपाकघर असे, बांधकाम चालू असलेले घर घ्यावयाचे ठरविले.

इकडे जमिनीची मापेसुद्धा निराळी. आपण गुंठ्यांत बोलतो, ही मंडळी ‘ग्राउंड’मध्ये. एक ग्राउंड म्हणजे २४०० चौरस फूट. आपल्या दोन गुंठ्यांहून किंचित अधिक. घराबरोबर जमिनीचा अविभक्त हिस्सा किती मिळणार, हा प्रश्न येथील घर घेणारा सर्वांत आधी विचारतो. तो आपणही विचारावा, कारण इमारत जुनी होते, जमीन होत नाही.

आमच्या घराची किंमत ४४ लाख ४० हजार रुपये होती. चटईक्षेत्र ६० चौरस मीटरांच्या आत. एवढ्या किंमतीच्या घरावर बँक ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देते, म्हणजे सुमारे साडेपस्तीस लाख. उरलेले ८ लाख ८८ हजार आपल्या गाठीचे हवेत. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च सर्वसाधारणपणे या कर्जात धरला जात नाही. तमिळनाडूत डिसेंबर २०२३ पासून नव्या सदनिकेच्या पहिल्या विक्रीवर, ५० लाखांपर्यंत मूल्य असेल तर मुद्रांकशुल्क ४ टक्के आणि नोंदणीशुल्क २ टक्के आहे. ५० लाखांच्या पुढे मुद्रांकशुल्क ५ टक्के होते. आमच्या हिशेबाने हे झाले सुमारे २ लाख ६६ हजार. त्यावर वस्तू व सेवा कर. सारे मिळून जवळजवळ १२ लाख रुपये रोख उभे करावयाचे होते. भविष्यनिर्वाह निधीतून आणि बचतीतून ते कसेबसे उभे राहिले.

एवढे झाल्यावर ती यादी आली. विक्रीच्या कचेरीतील तरुण अतिशय अदबीने बोलणारा. त्याने गुळगुळीत कागदावरचे एक रंगीत पत्रक पुढे ठेवले. साध्या फरशीऐवजी आरशासारखी मोठी फरशी, ओट्याला कडप्प्याऐवजी ग्रॅनाइट, दिवाणखान्याला खोटे छत, स्वयंपाकघरात तयार कपाटे. एकूण १ लाख ६० हजार. वर इंग्रजी अक्षरांत लिहिले होते, ‘अपग्रेड’.

माझे पोट भाषांतरावर चालते. त्यामुळे परका शब्द दिसला की त्याला मराठी शब्द शोधण्याची सवय हाताला लागली आहे. ‘उन्नती’ म्हणावे तर ती माणसाची होते, भिंतीची नाही. ‘श्रेणीवाढ’ म्हणावे तर नोकरीतील बढतीचा भास होतो. शेवटी मिस्त्रीचा शब्दच खरा वाटला. जे ठरल्यापेक्षा अधिक करावयाचे आणि ज्याचे दाम वेगळे द्यावयाचे, त्याला मिस्त्री ‘जादा काम’ म्हणतो. शब्द बदलला की वस्तूकडे पाहण्याची दृष्टीही बदलते. उन्नती नाकारताना माणसाला कमीपणा वाटतो. जादा काम नाकारताना वाटत नाही.

त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या घरावर दोन दरांनी कर आहे. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या घरावर १ टक्का आणि इतरांवर ५ टक्के. व्याख्येत क्षेत्राची मर्यादा आहे, तशीच किंमतीचीही आहे, आणि ती ४५ लाखांची आहे. या ४५ लाखांत बिल्डर जे जे आकारतो ते सारे धरले जाते. आमच्या ४४ लाख ४० हजारांवर कर होत होता ४४ हजार ४०० रुपये. यादी पूर्ण घेतली असती तर किंमत झाली असती ४६ लाख आणि कर २ लाख ३० हजार. म्हणजे १ लाख ६० हजारांच्या कामासाठी कराचे १ लाख ८५ हजार ६०० रुपये वाढणार. काम दीड लाखाचे, खर्च साडेतीन लाखांच्या घरात! पत्रकावर याची एक ओळही नव्हती.

हे घरात सांगितले तेव्हा यजमान बराच वेळ बोलले नाहीत. त्यांचे मन फरशीवर बसले होते आणि त्याचे कारण मला ठाऊक होते. सासूबाईंचे निम्मे आयुष्य शेणाने सारवलेल्या जमिनीवर गेले आणि उरलेले खडबडीत शहाबादी फरशीवर, ती घासताना. ते म्हणाले, “आईच्या पायाखाली एकदा तरी चांगली फरशी यावी, एवढीच इच्छा आहे. हिशेबात ती बसत नाही हे कळते मला.” सासूबाई आतल्या खोलीतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि पदराखालून ठेवीची पावती काढून त्यांनी टेबलावर ठेवली. आजारपणासाठी म्हणून मामंजींनी त्यांच्या नावे ठेवलेले ते पैसे. त्या पावतीकडे पाहण्याचे धैर्य आम्हा दोघांनाही झाले नाही.

मी म्हटले, “आई, ही उचला. पण एक सांगा, ती आरशासारखी फरशी आपल्याला आवडली का?”

त्या क्षणभर थांबल्या. मग लेकाकडे पाहून म्हणाल्या, “अरे, कचेरीत तिच्यावरून चालताना मी सुनेचा हात धरला होता. दिसायला छान आहे रे. पण ओली झाली तर माझे काय होईल?”

ज्यांच्यासाठी फरशी घ्यावयाची त्यांना कोणी विचारलेच नव्हते. मग आम्ही विचारू लागलो. त्यांना काय हवे होते? न्हाणीघरात पाय न घसरणारी फरशी. उठताना धरावयास भिंतीत घट्ट बसलेला दांडा. न्हाणीघराच्या दाराशी उंबरठा नको. पलंगाशेजारी हाताला येईल असे दिव्याचे बटण. रंगीत पत्रकात यांपैकी एकही वस्तू नव्हती. या साऱ्याचा, आणि पुढे लागतील अशा विजेच्या जादा जागांचा, खर्च सांगण्यात आला ३८ हजार रुपये. किंमत झाली ४४ लाख ७८ हजार, मर्यादेच्या आत. पावती पुन्हा पदराखाली गेली.

यातून जो विवेक आम्हाला सापडला तो आपल्यापुढे ठेवते. जे भिंतीच्या आत जाते ते आधी करावे. जे भिंतीवर लागते ते नंतर करता येते. विजेच्या तारा, पाण्याचे नळ, सांडपाण्याचा उतार, न्हाणीघराखालची गळतीरोधक पट्टी, दांड्याच्या मागचा आधार, ही कामे घर पूर्ण झाल्यावर करावयाची म्हणजे भिंत फोडणे आले. तारा-नळ झाकले जाण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत; खिळा ठोकताना ती कामी येतात. उलट कपाटे, खोटे छत, पडदे, दिवे हे दोन वर्षांनी झाले तरी बिघडत नाही. तोवर घरात राहून आपल्याला काय लागते हेही कळते.

कर्ज काढून जादा काम करणाऱ्याने आणखी एक हिशेब करावा. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतलेल्या प्रत्येक लाखाला महिन्याला सुमारे ८६८ रुपये हप्ता पडतो. अखेरीस त्या लाखाचे २ लाख ८ हजार फेडले जातात. तयार कपाटांची बिजागरे बारा-पंधरा वर्षांत ढिली होतील, पण त्यांचा हप्ता चालूच राहील. मुलीच्या शिक्षणाचा खर्च नेमका त्याच वर्षांत येतो.

बिल्डरकडून काम घेण्यात लाभ मुळीच नाही, असे मात्र नाही. स्थावर संपदा कायदा २०१६ साली झाला. त्यानुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष आढळला, तर करारानुसार केलेल्या कामाची दुरुस्ती बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य करावयाची असते. आपल्या मिस्त्रीने भिंत फोडली तर पुढच्या गळतीचा दोष कोणाचा, यावर वाद होतो. म्हणून जादा काम घ्यावयाचे तर ते करारात, वस्तूच्या वर्णनासह आणि दरासह लिहून घ्यावे. नोंदणीकृत करारापूर्वी किंमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरने घेऊ नये, हेही त्याच कायद्यात आहे. आणि नको असलेल्या वस्तूबद्दल वजावट किती, हे विचारण्यास संकोचू नये. साधी फरशी नाकारली तर तिचे दाम नव्या फरशीच्या दरातून वजा झाले पाहिजे.

कोणी सुचवील की त्याच बिल्डरशी दुसरा कागद करून किंमत विभागून दाखवावी. तो मार्ग सरळ माणसाचा नव्हे आणि सुरक्षितही नव्हे. घर ताब्यात आल्यावर सवडीने स्वतंत्र मिस्त्री लावावा. त्याचे रीतसर बिल घ्यावे. तो कर आकारीत असेल तर तोही हिशेबात धरावा.

राहता राहिली प्रवेशाची गोष्ट. तमिळ घरांतही आपल्यासारखेच नव्या चुलीवर दूध उतू जाऊ देतात. शेजारच्या बाईंनी दारात कोलम काढले, सासूबाईंनी त्याच्या कडेला गोपद्मे काढली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण ‘मेस्त्री’ हा शब्द दोन्हीकडे एकच आहे आणि त्याच्याविषयीच्या तक्रारीही. ओटा कडप्प्याचाच आहे. यजमानांनी गेल्या दिवाळीत आपल्या बोनसमधून आईच्या खोलीत, त्यांनीच निवडलेली, थोडी खरबरीत पण सुरेख फरशी घातली. काम स्थानिक मिस्त्रीने चार दिवसांत केले. त्यासाठी एका रुपयाचेही कर्ज झाले नाही.

आपणही घर घेण्याच्या विचारात असाल तर यादीवर सही करण्यापूर्वी ती एक रात्र घरी आणा. घरातील सर्वांत वृद्ध आणि सर्वांत लहान माणसाला ती वाचून दाखवा. त्यांना जे लागते ते यादीत आहे का, ते आधी पहा. मग उरलेल्या ओळींचे काय करावयाचे ते आपोआप सुचेल.