संसदेभोवतीची ताटं

इंदूरच्या माणसाला एखादं शहर कसं आहे विचारा, तो आधी तिथे काय खाल्लं ते सांगेल. दिल्लीबद्दलही आपल्याकडे सगळ्यांना सांगायला काही ना काही असतं. पण तिथलं एक ठिकाण असं आहे की ज्याचा दर आपल्या प्रत्येक फॅमिली ग्रुपला पाठ आहे आणि जिथे आपल्यापैकी जवळजवळ कोणीच जेवलेलं नाही. संसदेचं कॅन्टीन. शाकाहारी थाळी १८ रुपये, चिकन करी २९ रुपये, आणि खाली ठरलेली ओळ, की देशातले खरे गरीब इथेच जेवतात. हा मेसेज कोणी ना कोणी काका वर्षातून दोनदा तरी पाठवतातच. माझ्या आत्याने तर तो मला गेल्या महिन्यात पाठवला.

गेल्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी ऑफिसच्या कामासाठी दिल्लीत होतो आणि ओळखीतून प्रेक्षक गॅलरीचा पास मिळाला. केंद्रीय सचिवालय मेट्रो स्टेशनवर उतरून चालत गेलो. जुनी गोल इमारत आधी दिसते. तिचा आकार मुरैन्याजवळच्या मितावलीच्या चौसष्ट योगिनी मंदिरावरून सुचला असं सांगतात, त्यामुळे ग्वाल्हेरची मंडळी तिच्याकडे थोडं हक्काने पाहतात. शेजारी २०२३ सालच्या मे महिन्यात उद्घाटन झालेली त्रिकोणी नवी इमारत. मोबाईल जमा, तपासणी, पुन्हा तपासणी, आणि मग तासाभराचा पास. लोकसभेत सध्या ५४३ खासदार आहेत पण आसनं ८८८, त्यामुळे सभागृह भरलेलं असलं तरी वरून मोकळंच वाटतं. अध्यक्षांच्या खुर्चीकडे मात्र आपल्या लोकांनी जरा जास्त वेळ पाहावं. पहिले लोकसभा अध्यक्ष दादासाहेब मावळंकर बडोद्यात जन्मलेले, आणि २०१४ ते २०१९ त्या पदावर होत्या आपल्या ताई, सुमित्रा महाजन. चिपळूणचं माहेर आणि इंदूरची आठ वेळची खासदारकी.

तास संपला की बाहेर. त्या पासवर कॅन्टीन बघायला मिळत नाही. मला खरं तर तेच बघायचं होतं, सभागृह टीव्हीवर दिसतंच की.

या कॅन्टीनची गोष्ट मात्र बघण्यासारखी नसली तरी सांगण्यासारखी आहे. १९६८ पासून संसदेची स्वयंपाकघरं उत्तर रेल्वे चालवत होती. म्हणजे रेल्वेचे आचारी, रेल्वेचे वाढपी, आणि दर असे की त्यातून खर्च निघायचा नाही. उरलेली रक्कम सरकारी तिजोरीतून. २०१५ साली माहितीच्या अधिकारात आकडा बाहेर आला: पाच वर्षांत ६० कोटी ७० लाख रुपये. त्याच वर्षी २ मार्चला पंतप्रधान तिथे जेवायला गेले, जेवणाचे २९ रुपये दिले आणि वहीत लिहिलं, 'अन्नदाता सुखी भव'. आपल्याकडे पानावरून उठताना हेच म्हणतात. इथे अन्नदाता कोण, हा प्रश्न करदात्याने स्वतःला विचारून बघावा.

सवयीने मी हिशेब केला. पाच वर्षांत ६० कोटी म्हणजे वर्षाला सुमारे १२ कोटी. २०१३-१४ चा केंद्रीय अर्थसंकल्प होता साधारण १६ लाख ६५ हजार कोटींचा. एखाद्या घराचा वर्षाचा खर्च दहा लाख धरला, तर त्यात हे अनुदान बसतं सात रुपयांचं. त्या सात रुपयांवर आपण वर्षानुवर्षं भांडलो. त्याला कारण आहे. अर्थसंकल्पातले बाकीचे आकडे आपल्याला वाचता येत नाहीत, पण थाळीचा दर शेंबडं पोरगंही वाचू शकतं.

आणि राग निव्वळ रकमेचा नव्हताच. २०१३ च्या जुलैमध्ये नियोजन आयोगाने दारिद्र्यरेषेचे आकडे जाहीर केले. पद्धत आपल्याच सुरेश तेंडुलकरांच्या नावाची, आणि तिच्यानुसार शहरात दिवसाला ३३ रुपये ३३ पैसे खर्च करणारा माणूस गरीब नाही. लगेच राज बब्बर म्हणाले की मुंबईत १२ रुपयांत पोटभर जेवण मिळतं. रशीद मसूद म्हणाले, दिल्लीत ५ रुपयांत. तेव्हा संसदेतली थाळी १८ रुपयांना होती. ज्याला स्वस्त ताट मिळतं त्याला बाहेरचं ताट केवढ्याला पडतं ते कळत नाही, हा खरा आरोप होता, आणि तो मला आजही बरोबर वाटतो.

१ जानेवारी २०१६ पासून, म्हणजे ताई अध्यक्ष असताना, ना नफा ना तोटा असं म्हणत दर वाढवले गेले. १८ ची शाकाहारी थाळी ३० ला, ३३ ची मांसाहारी ६० ला. तरी अनुदान पुरतं थांबलं नव्हतं. डिसेंबर २०१९ मध्ये सगळ्या पक्षांनी ते सोडायचं ठरवलं, नोव्हेंबर २०२० मध्ये रेल्वे जाऊन भारत पर्यटन विकास महामंडळ आलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये अध्यक्ष ओम बिर्ला यांनी अनुदान बंद झाल्याचं जाहीर केलं. शाकाहारी थाळी १०० रुपये. ६५ ची मटण बिर्याणी १५०. उकडलेल्या भाज्या १२ वरून ५०. मांसाहारी बुफे ७००. पोळी तेवढी ३ रुपये. वर्षाला ८ कोटी वाचतील असं तेव्हा सांगितलं गेलं. म्हणजे आत्याचा मेसेज आला तेव्हा तो कधीच शिळा झाला होता. मी तिला नवे दर कळवले. तिचं उत्तर: "शंभर रुपयांत वाटी किती मोठी असते?"

प्रश्न इंदुरी असला तरी योग्य होता. कारण १०० रुपये कोणाला किती मोठे, यावरच सगळं आहे. दोन्ही सभागृहांचे मिळून खासदार आठशेच्या आत. अधिवेशन असलं की आवारात त्याहून कितीतरी जास्त माणसं असतात: सचिवालयाचे कारकून, सुरक्षारक्षक, सफाई कामगार, माळी, पत्रकार, ड्रायव्हर. स्वस्त थाळी हीही माणसं खात होती. खासदाराला आज महिन्याला १ लाख २४ हजार पगार आणि अधिवेशनात हजेरीच्या दिवसाला अडीच हजार भत्ता आहे. त्याला थाळी १८ काय नि १०० काय. राग खासदारांवर काढला आणि डबा आणायची वेळ शिपायावर आली. माझ्या मते दोन दर ठेवायला हवे होते. आमच्या धंद्यात एका वापरकर्त्यासाठी केलेला बदल सगळ्यांवर लादला तर रात्री अकराला फोन येतो.

संसदेतून बाहेर पडून दहा मिनिटं चाललं की गुरुद्वारा रकाबगंज साहिब. १६७५ मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाला, तेव्हा लखीशाह वंजारा यांनी त्यांचं धड इथे आणलं आणि कोणाला कळू नये म्हणून स्वतःच्या घरालाच आग लावून अंत्यसंस्कार केले. तीच ही जागा. डोक्याला रुमाल बांधून लंगरला बसलो. ते लोकही रांगेत बसण्याला 'पंगत'च म्हणतात. आपल्या नामदेवांची पदं त्यांच्या ग्रंथात आहेत, तेव्हा शब्दाचं नवल वाटून घेऊ नये. डाळ, भाजी, आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यायचा रोटीचा प्रसाद. दरपत्रक नाही. माझ्या शेजारी एक वयस्कर ड्रायव्हर होते, सरकारी गाडीवरचे. संसदेचं कॅन्टीन माहीत आहे का विचारलं तर हसले. "पहले अंदर खा लेते थे बेटा. अब घर का डिब्बा, नहीं तो यहाँ." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. मला मात्र घास गिळताना जरा जड गेलं.

कारण स्वस्त ताट ही काही लाजेची गोष्ट नाही. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन पोळ्या, भाजी, वरण, भात, १० रुपयांत. शहरात त्या थाळीमागे सरकार ४० रुपये घालत होतं, गावात २५. आपल्या मध्य प्रदेशात २०१७ मध्ये ५ रुपयांत दीनदयाल रसोई निघाली, हैदराबादकरांनी पाच रुपयांचं जेवण २०१४ पासून पाहिलं आहे, बेळगावकरांना कर्नाटकाचं इंदिरा कॅन्टीन माहीत आहे. आणि आम्ही आयटीवाले? माझ्या कंपनीच्या कॅन्टीनमधली थाळीही बाजारभावाने नसते. कंपनी तिच्यात पैसे घालते, आणि जुन्या करपद्धतीत एका जेवणामागे ५० रुपयांपर्यंतच्या त्या सवलतीवर करही लागत नव्हता. त्या अनुदानाचा मेसेज कोणी फिरवत नाही.

संध्याकाळी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनात गेलो. याच सदनात जुलै २०१४ मध्ये जेवण चांगलं नाही म्हणून काही खासदार चिडले आणि एकाने कॅन्टीनच्या पर्यवेक्षकाच्या तोंडात पोळी कोंबली. त्याचा रोजा होता. ११ वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, मुंबईच्या आकाशवाणी आमदार निवासात डाळ शिळी म्हणून एका आमदाराने कॅन्टीनच्या कर्मचाऱ्याला मारलं. ताटाचा दर कमी असो की जास्त, मार वाढणाराच खातो. मला वाढणारा मुलगा बिहारचा होता आणि आमटीला आमटीच म्हणत होता. त्याला मी तसं म्हटल्यावर खूश झाला आणि अजून एक वाटी ओतली.

जाणार असाल तर गॅलरीचा पास खासदारांच्या शिफारशीने मिळतो; बरेच दिवस आधी विचारा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. मुलांना आधीच सांगून ठेवा की आत फोटो नाही, बोलणं नाही. दुपारी रकाबगंजला जायचं तर रुमाल न्या, नसला तर दारात मिळतो. जेवण झाल्यावर मागच्या बाजूला भांडी घासायला हात लागतात. मुलांना तिथे नक्की घेऊन जा.