नुसती बसली होती

बोईसरला माझा इंग्रजी बोलण्याचा क्लास आहे. येणारे बहुतेक तारापूर एमआयडीसीतले. पाळी संपली की थेट येतात, कपड्यांना केमिकलचा वास असतो.

त्या दिवशी शब्द आला ‘एन्करेज’. मी फळ्यावर लिहिलं, प्रोत्साहन देणे. कुणाचा चेहरा हलला नाही. प्रोत्साहन हा शब्द आपल्याला भेटतो तो सरकारी योजनेत. (‘उत्तेजनार्थ’ म्हणावं तर चौथा नंबर!) मग सांगितलं, लॅटिनमध्ये ‘कोर’ म्हणजे हृदय, त्यातून फ्रेंचमार्गे ‘करेज’, त्याला ‘एन’ लावलं की दुसऱ्याच्या आत हिंमत घालणं.

“म्हणजे धीर देणं ना?” पॅकिंगला असलेल्या एक ताई म्हणाल्या.

“तेच,” मी म्हटलं.

गृहपाठात त्यांचं वाक्य आलं : ‘व्हेन माय हजबंड वॉज इन हॉस्पिटल, माय नेबर एन्करेज्ड मी.’ व्याकरणात चूक नव्हती, तरी अर्धवट वाटलं. या क्रियापदामागे बहुतेकदा ‘टू’ येतं : टू अप्लाय, टू स्पीक. मी लाल गोल करून समासात विचारलं, काय करायला?

त्या वही घेऊन आल्या.

“काही करायला नाही, मॅडम. ह्यांच्यावर ॲसिड उडालेलं. डॉक्टर काही बोलत नव्हते. शेजारीण रात्रभर माझ्याबरोबर बाकावर नुसती बसली होती. पहाटे चहा घेऊन आली.”

मी ‘कम्फर्ट’ सुचवणार होते. त्याच्याही मुळाशी ‘फोर्टिस’ आहे, म्हणजे बळकट. पण तो शब्द आता सोफ्याच्या जाहिरातीत गेलाय. आणि एन्करेज माणसाला पुढे ढकलतं : इंटरव्ह्यूला जा, परीक्षा दे. पुढे जायला जागाच नसते तेव्हा ढकलून काय करायचं? धीर तेव्हाही देता येतो.

11 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी एमआयडीसीत स्फोट झाला, आठ माणसं गेली. मी बोईसरमध्येच होते. पालघरहून आईचा फोन आला. “आहेस ना?” एवढंच विचारलं आणि मग कितीतरी वेळ काही न बोलता तिने फोन चालू ठेवला.

लाल गोल खोडता येईना. मी शेजारी बरोबरची खूण केली.

“पण मग इंग्रजीत काय लिहू?” ताईंनी विचारलं.

“शी सॅट विथ मी.”

त्यांनी ते लिहून घेतलं. खाली चहाचं वाक्य स्वतःच घातलं.