गोळी, दुर्बीण आणि डबाभर सल्ले

पूनम सागर, मीरा रोड (पूर्व)

प्रिय,

‘गोळ्या की ऑपरेशन, एका ओळीत कळव,’ असा मेसेज टाकून तू ड्यूटीवर निघून गेलीस. मेलबर्नला गेल्यापासून तुला सगळंच एका ओळीत लागतं! एका ओळीत मावलं असतं तर कधीच सांगून मोकळी झाले असते. म्हणून हे बैजवार पत्र. चहा घेऊन बस आणि शेवटचं पान आधी वाचू नकोस. तुझी ती खोड मला ठाऊक आहे.

डावीकडच्या ओव्हरीवर चॉकलेट सिस्ट आहे, चार सेंटिमीटरची, आणि गर्भाशयाच्या मागे आतडं थोडं चिकटलंय. आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. सोनोग्राफीत दिसलं, एमआरआयने पक्कं केलं. तुला सांगते, रिपोर्ट हातात आला तेव्हा पहिल्यांदा मला बरंच वाटलं. दहावीपासून ऐकत आलेय, ‘नाजूक आहे’, मग ‘लग्न झालं की थांबेल’, मग ‘मूल झालं की थांबेल’. लेक दुसरीत गेली तरी थांबलं नाही. आता निदान कागदावर तरी आलं की दुखतं ते खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने पाळी येण्याच्या वयातल्या दहा बायकांत साधारण एकीला हा आजार असतो. म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या नुसत्या एका मजल्यावरच तीन-चार जणी असतील, गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून गप्प पडलेल्या. इकॉनॉमिक्सच्या त्या पेपरला तू मला कसं नेलंस ते मी विसरलेले नाही. तू विसरली असशील, कारण रिक्षाचे पैसे मी अजून दिलेले नाहीत असं तू परवाही म्हणालीस.

इथे बातमी पसरायला वेळ लागत नाही. मी लोकलमध्ये हळू आवाजात फोनवर आईला ‘सिस्ट’ एवढंच म्हणाले, तर लेडीज डब्यातलं अख्खं बाक माझ्याकडे वळलं. नालासोपाऱ्याच्या एक काकू म्हणाल्या, ‘दुर्बिणीतून काढून टाक, दोन दिवसांत घरी.’ खिडकीतल्या बाईंनी होमिओपॅथीचा पत्ता काढला. तिसरी म्हणाली, ‘पिशवीच काढ गं, कटकट नको,’ आणि त्यावरून तिची आणि काकूंची अशी जुंपली की मला बोलायला जागाच उरली नाही. अंधेरीला उतरले तेव्हा दोघी एकमेकींना आपापले टाके दाखवायच्या बेतात होत्या.

‘पिशवी काढ’ मात्र मनात रुतलं. आईची चाळिशीतच काढली होती, आठवतं ना? तेव्हा कोणी काही विचारलंच नव्हतं. आणि आपल्याकडे हे किती सहज होतं बघ. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली, नीलम गोऱ्हे यांच्या समितीचा अहवाल आला. 82,309 जणींपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्या बायकांना पाळीचे दिवस परवडत नव्हते, खाडा झाला की दंड. त्यांचं दुखणं वेगळं, माझं वेगळं, पण तो आकडा वाचल्यापासून हे वाक्य मला कानाआड करता येत नाही. शिवाय माझ्या आजाराला ते औषधही नाही. यात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर वाढतं गर्भाशयाच्या बाहेर, ओव्हरीवर, पोटाच्या आवरणावर, आतड्यावर. नुसती पिशवी काढली आणि बाहेरचं तसंच ठेवलं, तर दुखणं राहू शकतं.

बोरिवलीच्या ज्या डॉक्टरीणबाईंकडे दुसरं मत घ्यायला गेले, त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे बॉलपेनने ओव्हरी काढून दाखवली. बदामाएवढी, तिच्या आत एक गोल. म्हणाल्या, ‘सिस्टचं आवरण सोलून काढताना त्याला चिकटलेली चांगली ओव्हरीही थोडी निघते, तिच्याबरोबर अंडी जातात.’ मग तो गोल पेनाने गिरवला आणि कडेची थोडी जागा खोडली. ती खोडलेली जागा मी कितीतरी वेळ बघत होते. माझं एएमएच, म्हणजे अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी, वयाच्या मानाने आधीच कमी आलंय. मग त्यांनी विचारलं, ‘दुसरं मूल हवंय का? कधी?’ नवरा माझ्याकडे बघतोय, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. अगं, आम्ही या विषयावर घरात सरळ कधी बोललोच नव्हतो! बोललो ते त्या केबिनमध्ये, डॉक्टरांसमोर, आणि मग घरी येऊन पुन्हा रात्री एक वाजेपर्यंत. हवंय आम्हाला, पण या वर्षी नाही.

माझा सगळा घोळ इथेच सुटला. इतके दिवस मी ‘गोळी चांगली की ऑपरेशन चांगलं’ असं विचारत होते, आणि त्याला उत्तरच नव्हतं. गोळीने दुखणं उतरतं, पण चिकटलेलं सुटत नाही, आणि गोळी थांबवली की आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. मूल राहायलाही तिचा उपयोग नाही, उलट तेवढा काळ थांबावं लागतं. ऑपरेशनने बऱ्याच जणींचं दुखणं खूप कमी होतं, काहींना त्यानंतर दिवसही राहतात. पण तेही कायमचं नाही, पुढच्या काही वर्षांत अनेकींना परत होतं, म्हणून नंतरही गोळी देतात. आणि आयव्हीएफ करायचं झालं तर त्याआधी सिस्ट सरसकट काढायची गरज नाही, असं युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय. हेही बाईंनीच सांगितलं.

तर सध्या गोळी. डायनोजेस्ट, दोन मिलिग्रॅम, रोज एक, खंड न पाडता. इंजेक्शनचाही पर्याय होता, त्याने काही महिन्यांपुरतं पाळी गेल्यासारखं शरीर होतं, अंगातून वाफा येतात, हाडांना जपावं लागतं. ते मला नको वाटलं. वर्षभर गोळी, मग बंद करून मुलासाठी प्रयत्न, आणि तेव्हा फार वाट न बघता आयव्हीएफवाल्यांना भेटायचं. दुर्बिणीचं दार बंद केलेलं नाही. किडनीकडून येणारी नळी दाबली जाऊ लागली, आतडं अडलं, सिस्ट संशयास्पद दिसली किंवा गोळीने दुखणं हटेनाच, तर ऑपरेशन करायचं. तेही आतड्याचा सर्जन सोबत असेल अशाच ठिकाणी.

गोळी सुरू केल्यापासून मधूनच थोडं थोडं रक्त जातं. पहिले काही महिने असं चालतं म्हणे. मूडही उतरतो. परवा डाळ उतू गेली म्हणून रडले आणि लेकीने माझ्यासमोर स्वतःचा रुमाल धरला. ‘मन फार खचलं तर वाट बघू नका, फोन करा,’ असं बाईंनी बजावलंय, आणि मी करीन. पण या खेपेला पोट धरून जमिनीवर बसावं लागलं नाही. तुला कळेल हे केवढं आहे ते.

समोरच्या गुजराती काकी मात्र रुसल्यात. ऑपरेशन ठरलंच असं धरून त्यांनी मेथीचे लाडू वळून ठेवले होते. ‘हवे शुं करुं?’ म्हणून डबा आपटून गेल्या. नवऱ्याने निम्मे संपवले, त्याची तब्येत ठणठणीत आहे. सासूबाईंचं वेगळंच. आधी म्हणायच्या, आमच्या वेळी नव्हती असली नावं. मग कपिल शर्माच्या शोमधली सुमोना चक्रवर्ती 2021 मध्ये स्वतःच जे बोलली ते मी त्यांना दाखवलं, की 2011 पासून तिला हाच आजार आहे, चौथ्या स्टेजचा. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘आणि ती आपल्याला हसवत होती होय?’ त्या दिवसापासून रोज रात्री नऊला गोळी आणि पाण्याचा पेला त्याच आणून देतात.

आता तुझं. तुमच्या सरकारने 2018 मध्ये या आजारासाठी राष्ट्रीय कृती आराखडा केला, पुढे वेगळी क्लिनिकंही काढली, आणि तू दुसऱ्यांची शुश्रूषा करणारी बाई स्वतःचं काय ते तपासत नाहीस! पाळीच्या दिवसांत शौचाला बसलं की कळ येते असं तू दिवाळीत बोलून गेलीस आणि लगेच चकल्यांकडे वळलीस. मी ऐकलंय. हे याच आजाराचं लक्षण असू शकतं. नुसती साधी सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून परत येऊ नकोस, या आजाराची नजर असलेल्या माणसाकडून करून घे. आणि जाताना वही ने, कुठे दुखलं, कधी दुखलं, किती दुखलं ते तारखांसकट लिहून. तोंडी सांगायला लागलीस की तू ‘थोडंसं’ म्हणणार.

तुझीच,
मी