एक मिनिट कुणी हलू नका

‘टेक्निकली ते जमत नाही, काका.’

हे वाक्य मी म्हटलेलं नाही, आमच्या दिग्दर्शकाने म्हटलं. मी हातभर अंतरावर केबल गुंडाळत उभा होतो. ते धादांत खोटं आहे हे मला ठाऊक होतं आणि मी केबलच गुंडाळत राहिलो. या गोष्टीला बरीच वर्षं झाली. अजूनही कुणी ‘टेक्निकली’ म्हटलं की मला नायगावची ती खोली दिसते.

फिल्म मुंबईच्या गिरणी संपावरची होती. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला, अडीच लाख कामगारांचा, रीतसर कधीच मागे न घेतलेला संप. त्याबद्दल नव्याने काय सांगायचं? आम्ही शूट करत होतो तेव्हा गिरण्यांच्या जागी टॉवर चढत होते. मी साउंड रेकॉर्डिस्ट. म्हणजे परक्याच्या घरात शिरून पंखा बंद करा, फ्रीज बंद करा, कुकर नंतर लावा असं सांगत हिंडणारा माणूस. (फ्रीज बंद केला की त्यात आपल्या गाडीची किल्ली ठेवावी. निघताना तो चालू करायची आठवण आपोआप होते. एका घरातलं दूध नासल्यावर मला ही अक्कल आली.)

दिग्दर्शक मुलाखत फार सुरेख घ्यायचा, हे कबूल करायलाच हवं. हातात प्रश्नांचा कागद नसे. लेन्सच्या अगदी शेजारी, तिच्याच उंचीवर तो बसायचा, म्हणजे बोलणाऱ्याची नजर कॅमेऱ्याच्या जेमतेम बाजूला पडते आणि बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस माझ्याशीच बोलतोय. ‘प्रश्न उत्तरात घेऊन बोला’ असं तो कधी सांगत नसे. त्याने माणसं शाळेतल्या पोरांसारखी बोलायला लागतात. पहिली वीस मिनिटं गाव, पाऊसपाणी, पहिला पगार. त्याचं खरं हत्यार मात्र गप्प बसणं हे होतं. उत्तर संपलं तरी पुढचा प्रश्न विचारायचा नाही, मनात दहा आकडे मोजायचे. समोरच्याला ती शांतता सोसत नाही आणि जे सांगायचं नव्हतं तेच तो सांगून बसतो.

नायगावच्या बीडीडी चाळीतली काकांची ती खोली. एकशेसाठ चौरस फुटांत कॅमेरा, दोन लाइट आणि आम्ही चौघे. काकूंना जागाच उरली नाही, तेव्हा त्या बाहेर पॅसेजमध्ये पाटावर जाऊन बसल्या. त्यांच्याच घरातून आम्ही त्यांना बाहेर काढलं होतं, पण तेव्हा ते कुणाच्या मनातही आलं नाही. काका गिरणीच्या साचेखात्यातले, म्हणजे मागावर काम करणारे. मोकळेपणी बोलत होते. संपात आम्ही असे राहिलो, तसे राहिलो, कोण गावी गेलं, कुणी भाजी विकली.

चाळीस मिनिटांनी कॅसेट संपली. तेवढ्यात काका बाहेर जाऊन येतो म्हणाले. शर्टाला लावलेला कॉलर माइक तसाच होता आणि माझ्या कानांवर हेडफोन. पॅसेजमधून त्यांचा आवाज आला, ‘त्या चार महिन्यांचं काय इचारलं न्हाई.’ मग काकूंचा, जरा लांबून, ‘आवं, इचारलं तरी सांगू नगा.’

रेकॉर्ड काहीच झालं नव्हतं. कॅमेऱ्यात कॅसेटच नव्हती. ते बोलणं फक्त माझ्या कानांत होतं.

आणि मी काय केलं? खिशातल्या बिलाच्या पाठीवर ‘चार महिने – विचार’ एवढं लिहून चिठ्ठी दिग्दर्शकाकडे सरकवली. का, ते आजही नीट सांगता येत नाही. रेकॉर्डिस्टचं कुणी ऐकत नाही. त्या दिवशी माझ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं, एवढंच.

नवी कॅसेट लागली. थोड्या वेळाने दिग्दर्शकाने अगदी सहज विचारलं, ‘काका, ते चार महिने कसे गेले?’ काका क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले, मग लगेच म्हणाले, ‘मी आत गेलतो. पोलिसांच्या गाडीतनं न्यायचे.’ आत म्हणजे गिरणीत, संप चालू असताना कामावर. का गेलो, ते सांगितलं नाही. दिग्दर्शकाने दहा मोजले असतील, वीसही मोजले असतील. सांगितलंच नाही.

मुलाखत संपल्यावर मला रूम टोन घ्यायचा होता. प्रत्येक खोलीची स्वतःची एक शांतता असते. ती मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवली तर पुढे एडिटमध्ये सांधे कळत नाहीत. मी नेहमीसारखं म्हटलं, ‘एक मिनिट कुणी हलू नका, बोलू नका.’ काकांनी ते इमानेइतबारे पाळलं. हात मांडीवर, नजर समोर, पापणीसुद्धा जपून हलवत बसले.

कॅमेरा चालू होता. आणि क्लोज-अपवर होता.

फिल्म पाहणारे सगळे ज्या शॉटबद्दल बोलतात तो हा. आधी प्रश्न, मग काकांचा चेहरा, कितीतरी वेळ नुसता चेहरा, आणि मग ‘मी आत गेलतो.’ लोकांना त्या चेहऱ्यावर वीस-पंचवीस वर्षांचं ओझं दिसतं. मला माझी सूचना पाळणारा माणूस दिसतो. प्रत्यक्षात ते लगेच बोलले होते. चेहरा उत्तरानंतरचा होता, तो उत्तराच्या आधी लावला.

एडिट टेबलवर मी हे बोललो तेव्हा दिग्दर्शकाने फ्रेंच फिल्मकार लांझमानचा दाखला दिला. ज्यूंच्या संहारावरची लांझमानची ‘शोआ’ (1985) हे आमच्या दिग्दर्शकाचं दैवत; साडेनऊ तासांची ती फिल्म त्याने आम्हाला दोनदा बघायला लावली होती. त्यात नाझींच्या ट्रेब्लिंका छावणीतून वाचलेला न्हावी बोलता बोलता थांबतो, पुढे बोलवत नाही म्हणतो, आणि लांझमान त्याला सोडत नाही. सुखोमेल नावाच्या एसएसवाल्याला तर नाव उघड करणार नाही असा शब्द देऊन छुप्या कॅमेऱ्याने टिपलंय. सत्यासाठी एवढं करावं लागतं, असं दिग्दर्शकाचं म्हणणं. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचतं. सुखोमेल छळछावणीतला पहारेकरी होता रे. आमचे काका साचेवाले.

परळच्या एका हॉलमध्ये खेळ झाला. काका शेवटपर्यंत बसले. नंतर दिग्दर्शकाजवळ येऊन म्हणाले, ‘शीडी मिळंल का? गावाकडं न्यायचीय. त्यातलं तेवढं सोडून देता यील का?’ तेव्हा ते वाक्य आलं. टेक्निकली. दोन कट आणि अर्ध्या तासाचं काम होतं. ‘एवढं काढलं तर फिल्म अधुरी होईल, म्हणून देणार नाही,’ असं सरळ सांगायचं होतं. ते निदान भांडण तरी झालं असतं. काका ‘बरं’ म्हणाले आणि आख्खी सीडी पिशवीत घालून गेले.

आनंद पटवर्धनांच्या ‘बॉम्बे अवर सिटी’मध्ये झोपडपट्टीतली एक बाई शूटिंग करणाऱ्यांनाच झापते आणि पटवर्धनांनी तो भाग फिल्ममध्ये ठेवला आहे. आमच्या फिल्ममध्ये काकांची ती विनंती नाही.

एवढा राग काढला, पण तो प्रसंग वगळला असता तर फिल्म पडली असती, असंही मला वाटतं. संपात सगळे शेवटपर्यंत बाहेरच राहिले, असं दाखवणारी फिल्म खोटीच. आणि चिठ्ठी दिग्दर्शकाची नव्हती, माझी होती. आजही कुणी माझं काम विचारलं की मी त्याच फिल्मचं नाव आधी सांगतो.

तुमच्या घरी कधी कॅमेरावाले आले तर एक करा. चहाला, बाथरूमला, कशालाही उठलात तर आधी कॉलरचा माइक काढून रेकॉर्डिस्टच्या हातात द्या. तो ‘राहू द्या, काही होत नाही’ म्हणेल. तरी काढा.