गरज आधी, उत्तर नंतर : एका संयुक्त अभ्यासक्रमाचा अनुभव

उच्च शिक्षणातील आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटले की सामंजस्य करार, प्राध्यापकांची देवाणघेवाण आणि संयुक्त शोधनिबंध एवढेच सहसा डोळ्यांसमोर येते. परंतु उद्योजकता शिकवण्याची एखादी पद्धतच जेव्हा एका देशातून दुसऱ्या देशात जाते, तेव्हा तिच्यासोबत मूळ देशातील रुग्णालये, विमा आणि कायदे यांविषयीची गृहीतकेही येतात. बायोडिझाइन, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या नवनिर्मितीचे पद्धतशीर प्रशिक्षण, हे याचे ठळक उदाहरण होय. पॉल यॉक आणि जॉश मॅकोवर यांच्या पुढाकाराने स्टॅनफर्ड विद्यापीठात या शतकाच्या आरंभी ते आकाराला आले. पुढे केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पाठबळाने आणि दिल्लीतील एम्स व आयआयटी यांच्या सहभागाने २००७-०८ च्या सुमारास ते भारतात सुरू झाले. त्याच पद्धतीवर बेतलेला एक संयुक्त अभ्यासक्रम महाराष्ट्रातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने परदेशी विद्यापीठाच्या सहकार्याने चालवला, आणि प्रस्तुत लेखक त्यात अध्यापक-सदस्य होता. येथील निरीक्षणे त्या सहभागातून आलेली आहेत.

या पद्धतीचे तीन टप्पे मानले जातात : गरज ओळखणे, उपाय शोधणे आणि तो प्रत्यक्षात आणणे. पैकी पहिल्या टप्प्यावर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची सर्वाधिक कसोटी लागते, कारण समस्या दिसताच यंत्राचे रेखाटन सुरू करण्याची त्यांना सवय असते आणि येथे नेमके तेच काही आठवडे वर्ज्य असते. डॉक्टर, अभियंता आणि डिझायनर यांचा संघ वॉर्डात उभा राहून केवळ पाहतो व नोंदी करतो. त्या नोंदींतून ‘गरजविधान’ तयार होते, ज्यात समस्या कोणती, ती कोणाची आणि अपेक्षित परिणाम कोणता, एवढेच सांगायचे असते. ‘स्वस्त एअर मॅट्रेस हवी’ हे गरजविधान नव्हे, कारण त्यात उत्तर आधीच ठरलेले आहे. ‘हालचाल करू न शकणाऱ्या रुग्णांना होणारे बेडसोर कमी करण्याचा मार्ग हवा’ हे गरजविधान होय, आणि त्याला गादीखेरीज इतरही उत्तरे असू शकतात.

याच गरजविधानावर काम करताना सहकार्याची खरी परीक्षा झाली. परदेशी मार्गदर्शकांनी पाठवलेल्या तक्त्यात प्रत्येक गरजेचे आर्थिक मूल्य मांडायचे होते, आणि ते मुख्यतः खर्च कोण भरतो व रुग्णालयातील किती दिवस वाचतात यांवरून काढले जात होते. विम्यावर चालणाऱ्या व्यवस्थेत हा हिशेब चपखल बसतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय रुग्णालयात मात्र रुग्णाकडून खाटेचे शुल्क नाममात्र घेतले जाते, त्यामुळे वाचलेला दिवस रुग्णाच्या बिलात फारसा दिसत नाही. उलट दर दोन तासांनी कूस बदलणे, बेडपॅन देणे, सलाइन संपत आले की सिस्टरांना बोलावणे ही कामे बहुधा नातेवाईकच करतात, आणि त्यापायी त्यांचा रोज बुडतो. संघाने हा बुडालेला रोज परिणामाच्या रकान्यात धरावा असा आग्रह धरला; मार्गदर्शकांनी आरंभी तो सामाजिक मुद्दा म्हणून बाजूला ठेवला, परंतु वृद्धांची घरी होणारी विनामोबदला शुश्रूषा हा त्यांच्याही देशातील प्रश्न असल्याने चर्चेअंती तो स्वीकारला गेला. त्यामुळे गरजविधान बदलले : कूस बदलण्याचे काम एकट्या, अप्रशिक्षित नातेवाइकाला स्वतःच्या पाठीला इजा न होता करता यावे, ही अट त्यात आली आणि विजेवर चालणाऱ्या बहुतेक कल्पना आपोआप मागे पडल्या.

उपायाच्या टप्प्यावर अडचणींचे स्वरूप संस्थात्मक होते. अमेरिकेत १९८० च्या बेह-डोल कायद्याने शासकीय निधीतून झालेल्या संशोधनाची मालकी विद्यापीठांना घेता येते. भारतात त्या धर्तीचे विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही, म्हणून बौद्धिक संपदेचे, म्हणजे पेटंटसारख्या हक्कांचे, वाटप प्रत्येक संस्थेच्या धोरणावर अवलंबून राहते. शिवाय २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी उपकरणांचे जोखमीनुसार चार वर्ग केले असून, आपली कल्पना कोणत्या वर्गात पडेल हे ठरवल्याशिवाय खर्चाचा अंदाज बांधता येत नाही. अध्यापकांच्या दृष्टीने प्रश्न आणखी साधा होता : वॉर्डात घालवलेले तास अध्यापनाच्या कार्यभारात धरायचे की नाही? विद्यार्थी व अध्यापकांसाठीच्या २०१९ च्या राष्ट्रीय नवोन्मेष आणि स्टार्टअप धोरणाने अशा कामाला मान्यता दिली असली, तरी विभागाच्या वेळापत्रकात ती उतरायला स्वतंत्र प्रयत्न करावे लागतात.

या अनुभवावरून असे म्हणता येते की, पद्धत आयात करणे पुरेसे नसते. तिच्यातील मूल्यमापनाचे निकष दोन्ही बाजूंनी पुन्हा तपासावे लागतात, आणि ती तपासणी कराराचाच भाग असावी लागते. मालकी, कार्यभार आणि ‘लाभ कोणाचा’ या तीन बाबी पहिल्या बैठकीत लेखी ठरल्या, तर सहकार्य भेटीगाठींपुरते उरत नाही, आणि यजमान संस्थेला शिकणाऱ्याबरोबरच शिकवणाऱ्याचेही स्थान मिळते.